गळीत हंगामाआधी सामायिक डिस्कचा क्लस्टर: प्रकल्प नोंदी

सोमवार, १ सप्टेंबर २०२५

साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात पहिली बैठक झाली. हंगामाला साधारण दोन महिने आहेत. वजनकाटे, केनयार्डची टोकनं, शेती विभागाच्या ऊसनोंदी आणि शेतकऱ्यांची बिलं हे सगळं एकाच पोस्टग्रेस डेटाबेसवर आणि तो डेटाबेस एकाच जुन्या सर्व्हरवर चालतो. गेल्या हंगामात त्याचा रेड कंट्रोलर (डिस्क सांभाळणारं कार्ड) मध्यरात्री गेला. पहाटेपर्यंत काट्यावर हाताने पावत्या फाडल्या आणि नंतरचा पंधरवडा त्या पावत्या संगणकात चढवण्यात गेला. तोडलेला ऊस यार्डात उभा राहिला की वजनही घटतं आणि साखरही. शिवाय १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यामुळे काट्यावरची एक पावती हरवणं म्हणजे कुणाची तरी अख्खी ट्रॉली हिशेबातून जाणं. हे काम मी त्याच नजरेने बघतो आहे.

आराखडा असा: दोन सर्व्हरना एकच सामायिक डिस्क, डेटाबेस एका वेळी एकावर चालतो आणि तो पडला तर दुसरा उचलतो. ही जोडी म्हणजे क्लस्टर, त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे नोड. साहित्य आलेलं आहे: अल्मालिनक्स ९ टाकलेले दोन सारखे सर्व्हर, दोन कंट्रोलरचं आयस्कझी (नेटवर्कवरून डिस्क देणारं) स्टोरेज कॅबिनेट आणि फक्त स्टोरेजसाठी दोन १० गिगाबिटचे स्विच.

पोस्टग्रेसचं स्ट्रीमिंग रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर डेटाबेसची सतत चालणारी प्रत) करून सामायिक डिस्क टाळता येणार नाही का, असं मुख्य अभियंत्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. असिंक्रोनस (प्रत पोचण्याची वाट न बघणारं) ठेवलं तर नोड अचानक गेल्यावर शेवटचे काही व्यवहार दुसरीकडे पोचलेले नसतात. सिंक्रोनस ठेवलं आणि यंत्रं दोनच असली, तर दुसरं बंद पडताच पहिल्याचं लिहिणं अडतं. सामायिक डिस्कवर कमिट (कायम) झालेली पावती एकाच जागी असते, नोड कोणताही असो. बदल्यात कॅबिनेट एकच राहतं. कंट्रोलर दोन, पॉवर सप्लाय दोन, पण पेटी एक. म्हणून दुसऱ्या इमारतीत रोजचा बॅकअप ही या आराखड्याची अट आहे आणि ती मी इतिवृत्तात लिहून घेतली.

बुधवार, ३ सप्टेंबर

केबलिंग. प्रत्येक सर्व्हरचे दोन पोर्ट दोन वेगळ्या स्विचना, प्रत्येक कंट्रोलरचेही तसेच. दोन्ही स्विचवर वेगळं सबनेट. म्हणजे एका लनकडे (कॅबिनेटने दिलेल्या डिस्ककडे) प्रत्येक नोडवरून चार पाथ (वाटा).

जंबो फ्रेम, म्हणजे नेटवर्कवरचे मोठे पॅकेट, ९००० बाइटच्या ठेवल्या. लॉगिन झालं, लन दिसले, पण फॉरमॅट करायला गेलं की लिहिणं मध्येच अडकायचं. लहान पॅकेट जातात आणि मोठे अडतात, हे एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) जुळत नसल्याचं नेहमीचं लक्षण. तुकडे करू नयेत असं सांगून ८९७२ बाइटचा पिंग प्रत्येक जोडीत मारून बघितला. आयपी आणि आयसीएमपीच्या हेडरचे मिळून २८ बाइट जाऊन ९००० मधून तेवढेच उरतात. दुसऱ्या स्विचचा एक पोर्ट १५०० वर राहिलेला सापडला. हा पिंग आता तपासणी यादीत पहिल्या ओळीवर आहे. स्विच बदलला, पोर्ट बदलला, की आधी हा.

मंगळवार, ९ सप्टेंबर

गणपती झाले, पुन्हा कामाला.

दोन्ही सर्व्हर एकाच इमेजवरून टाकलेले असल्याने आयस्कझी इनिशिएटरचं (डिस्क मागणाऱ्या बाजूचं) नाव दोन्हीकडे एकच आहे का ते सगळ्यात आधी बघितलं. एकच होतं. असं राहिलं तर कॅबिनेट दोघांना एकच यजमान समजतं. सत्रं एकमेकांना ढकलून देतात आणि पुढे रिझर्व्हेशनला (लनवर कोणी लिहायचं याच्या आरक्षणाला) काही अर्थच उरत नाही. दुसऱ्या नोडचं नाव बदललं, कॅबिनेटवर दोन वेगळे होस्ट नोंदवले.

मल्टिपाथमध्ये (चारही पाथ मिळून एकच डिस्क दाखवणाऱ्या थरात) आपोआप मिळणारी नावं वापरलेली नाहीत. एका नोडवर 'एमपाथए' असलेला लन दुसऱ्यावर 'एमपाथबी' असू शकतो आणि रात्री दोन वाजता घाईत कुणी त्या नावावर विसंबला तर चुकीची डिस्क पुसली जाईल. लनच्या डब्ल्यूडब्ल्यूआयडीला (कायमच्या ओळख क्रमांकाला) बांधलेली ठरावीक टोपणनावं दिली: 'काटा-डेटा' आणि 'चाचणी'. दोन्ही नोडवर तीच.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आजचा दिवस केबल उपटण्याचा. चाचणी-लनवर सतत लेखन चालू ठेवलं आणि पहिल्या नोडची एक स्टोरेज केबल काढली. दुसरे पाथ चांगले असूनही लेखन दोन मिनिटांहून जास्त थांबलं.

कारण सरळ आहे. आयस्कझी इनिशिएटर दर ५ सेकंदांनी समोरच्याला हाक मारतो आणि उत्तराची ५ सेकंद वाट बघतो. तिथून पुढे सत्र परत जुळेल या आशेवर मूळ सेटिंगनुसार आणखी १२० सेकंद अडकलेल्या विनंत्या धरून ठेवतो. एकच पाथ असेल तर हे योग्य. मल्टिपाथ असताना मात्र या थराने लवकर हार मानायला हवी, म्हणजे वरचा थर दुसऱ्या पाथने जाईल. हा १२० चा रिप्लेसमेंट टाइमआउट ५ केला. आता वाईटात वाईट पंधरा सेकंद, बऱ्याचदा कमी. आधीच नोंदलेल्या टार्गेटना (कॅबिनेटच्या बाजूच्या टोकांना) नवीन मूल्य आपोआप लागत नाही. प्रत्येक नोंदीवर ते बदलून पुन्हा लॉगिन करावं लागतं.

दुसरा निर्णय याहून नाजूक: सगळेच पाथ गेले तर काय? मल्टिपाथला 'रांगेत ठेव' असं कायमचं सांगितलं तर प्रक्रिया डिस्कची वाट बघत अशा अवस्थेत जातात की किल केल्यानेही मरत नाहीत. क्लस्टर सेवा थांबवायला जातो आणि थांबवणंही लटकतं. 'लगेच नापास कर' म्हटलं, तर कंट्रोलर बदलताना येणाऱ्या क्षणभराच्या खंडातही एक्सएफएस फाइलसिस्टिम स्वतःला बंद करून घेईल. कंट्रोलर उपटून बघितला, पंधरा सेकंदांच्या आत दुसऱ्याने काम उचललं. दर ५ सेकंदांनी तपासणी आणि ६ प्रयत्न, म्हणजे साधारण अर्धा मिनिट दम धरायचा आणि मग एरर द्यायची, असं ठरवलं. हा आकडा या कॅबिनेटसाठी आहे. दुसऱ्या कॅबिनेटवर आधी मोजावं, मग ठरवावं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

पेसमेकर (सेवा कोणत्या नोडवर चालवायची ते ठरवणारा) आणि कोरोसिंक (नोडना एकमेकांशी बोलतं ठेवणारा) उभे केले. कोरोसिंकला दोन लिंक: एक कार्यालयाच्या लॅनवरून, दुसरी दोन सर्व्हरमध्ये थेट केबल. लॅनचा स्विच गेला म्हणून दोन्ही नोडना एकमेकांचं तोंड दिसेनासं होऊ नये.

दोन नोडच्या क्लस्टरमध्ये बहुमत म्हणजे दोघंही, म्हणून तिसरं मत हवं. प्रशासकीय इमारतीतल्या एका छोट्या यंत्रावर क्यूनेटडी (हे मत देणारी सेवा) बसवला, पोर्ट ५४०३ उघडला. अल्गोरिदम 'एफएफस्प्लिट', म्हणजे दोन सारखे तुकडे झाले तर मत एकालाच. त्यामुळे दोन्ही नोडनी एकाच क्षणी एकमेकांना पाडण्याची शर्यत टळते. क्यूडिव्हाइस (क्यूनेटडीशी बोलणारा नोडवरचा भाग) जोडताना दोन नोडची खास सवलत (एकट्या नोडलाही चालू राहू देणारी) निघून गेली आहे ना, हे कोरमच्या (बहुमताच्या) स्थितीत तपासलं. गेली आहे.

ही तिसरी पेटी फक्त मत देते. डेटा तिच्याकडे जात नाही, ती बंद पडली तरी दोन्ही नोड चालू असताना काही थांबत नाही. मात्र ती बंद असताना नोड गेला तर उरलेला थांबेल, म्हणून तिलाही यूपीएस दिला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

फेन्सिंग. या प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आणि हे सिद्ध होईपर्यंत डेटाच्या लनवर फाइलसिस्टिम बनवायची नाही असं मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. 'आधी डेटाबेस चालू करून दाखवा, फेन्सिंग मागून बघू' असा आग्रह आजही झाला. मी मान्य केला नाही.

कारण असं. एक्सएफएस एका वेळी एकाच यंत्राने वापरायची फाइलसिस्टिम आहे. कोणता ब्लॉक मोकळा, कोणता भरलेला, हे ती आपल्या मेमरीत धरून चालते. तीच डिस्क दुसऱ्या यंत्राने माउंट केली तर दोन कारकुनांनी एकाच खतावणीच्या पानावर एकमेकांकडे न बघता आपापल्या आठवणीने बेरजा मांडाव्यात तसं होतं. काही मिनिटांत डेटा सडतो आणि तो दुरुस्त होत नाही. म्हणून समोरचा नोड बोलत नाही एवढ्यावर त्याची डिस्क उचलायची नाही. तो आता लिहूच शकत नाही याची खात्री हवी आणि ती खात्री म्हणजेच फेन्सिंग.

पहिली पातळी आयपीएमआय: समोरच्या सर्व्हरच्या बीएमसीला (त्यातल्या देखरेखीच्या छोट्या संगणकाला) सांगून वीज तोडायची. नेहमीच्या चाचणीत उत्तम. एका नोडचा कर्नल मुद्दाम पाडला, दुसऱ्याने त्याला बंद करून चालू केलं.

मग खरी चाचणी: पहिल्या नोडच्या दोन्ही पॉवर केबल एकदम काढल्या. सर्व्हर गेला, त्याच्यासोबत बीएमसीही गेला. दुसरा नोड त्याला पाडायला जातो, उत्तर येत नाही, फेन्सिंग नापास. क्लस्टरने पहिल्या नोडला 'अनक्लीन' म्हटलं आणि चाचणीची सेवा उचलली नाही. क्लस्टरचं वागणं अगदी बरोबर आहे. मेलेला की फक्त गप्प, हे त्याला कळायला मार्ग नाही. पण आयपीएमआयवरच थांबलेल्या कित्येक क्लस्टरना सर्व्हरची वीज जाणं, म्हणजे सगळ्यात साधा बिघाड, सोसत नाही, ते याचमुळे. पावसाळ्यात आमच्या भागात वीज कशी वागते ते सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून दुसरी पातळी थेट डिस्कवर: स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन. प्रत्येक नोड आपली किल्ली लनवर नोंदवतो आणि लनवर 'फक्त नोंदणी असलेल्यांनीच लिहायचं' असं आरक्षण बसतं. नोडला बाहेर काढायचं तर दुसरा नोड त्याची किल्ली खोडतो आणि त्याच्या चालू विनंत्याही रद्द करतो. इथे निर्णय यजमानाकडे राहत नाही, कॅबिनेट स्वतः नकार देतं. मल्टिपाथ असल्याने 'फेन्स-एमपाथ' हा एजंट घेतला. साध्या 'फेन्स-स्कझी'पेक्षा तो इथे बरा, कारण पडलेला पाथ परत आल्यावर त्या पाथवर किल्ली पुन्हा नोंदवण्याचं काम मल्टिपाथ सेवा करते. त्यासाठी मल्टिपाथच्या कॉन्फिगरेशनमध्ये दोन्ही नोडना वेगवेगळी रिझर्व्हेशन किल्ली दिली.

चाचणी-लनवर हाताने करून बघितलं. किल्ल्या वाचल्यावर आठ ओळी दिसतात, प्रत्येक नोडची किल्ली चार वेळा, कारण नोंदणी प्रत्येक पाथवरून होते. यापेक्षा कमी दिसल्या तर एखादा पाथ नोंदणीविना आहे. दुसऱ्या नोडवरून पहिल्याची किल्ली खोडली. पहिल्यावर लेखन चालूच होतं, त्याच्या कर्नलच्या लॉगमध्ये लगेच 'रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट' आणि पाठोपाठ एक्सएफएसने 'लॉग आयओ एरर' म्हणून स्वतःला बंद करून घेतलं. हे डोळ्यांनी बघितल्यावर माझं समाधान झालं. ईडीपीच्या मंडळींनाही तेच स्क्रीनवर दाखवलं आणि मग आग्रह थांबला.

आरक्षण असताना कंट्रोलर काढून पुन्हा किल्ल्या वाचल्या. टिकल्या. अख्खं कॅबिनेट बंद करून चालू केलं तर त्या टिकतीलच असं धरायचं नाही. कॅबिनेटचा पुरवठा पूर्ण गेला असेल तर नंतर दोन्ही नोडवर क्लस्टर थांबवून नव्याने सुरू करायचा, अशी कार्यपद्धती लिहिली.

एक धोका राहतो. डिस्कवरून तोडलेला नोड जिवंत असेल तर त्याच्याकडचा सेवेचा आयपी (काटे ज्या पत्त्यावर जोडतात तो) तसाच राहतो, कारण नेटवर्क कुणी तोडलेलं नाही. म्हणून आपली किल्ली नाहीशी झाली आहे का हे बघणारी तपासणी वॉचडॉग सेवेला (नोडवर नजर ठेवून गरज पडल्यास तो रीबूट करणारीला) जोडली. किल्ली गेली की नोड स्वतः रीबूट होतो.

दोन्ही पातळ्या लावून पॉवर केबलची चाचणी पुन्हा केली. आयपीएमआय हरेपर्यंत वेळ जातो, पण दुसरी पातळी यशस्वी होते आणि सेवा उचलली जाते. पहिल्या पातळीचा टाइमआउट कमी केला.

बुधवार, २४ सप्टेंबर

आता डेटाचा लन. व्हॉल्यूम ग्रुप (एलव्हीएम या डिस्क-व्यवस्थापकातला डिस्कचा गट) बनवताना ऑटोॲक्टिव्हेशन (आपोआप चालू होणं) बंद ठेवलं आणि सिस्टिम आयडी नोडच्या नावावरून घेण्याची सोय चालू केली. ग्रुप एका वेळी एकाच नोडच्या मालकीचा. मालकी बदलण्याचं काम क्लस्टरचा एलव्हीएम-ॲक्टिव्हेट हा रिसोर्स (क्लस्टरने चालवायचा घटक) करतो. जुना सीएलव्हीएमडी (नोडमध्ये एलव्हीएमचा मेळ ठेवणारा) आता नाही आणि इथे त्याची गरजही नव्हती.

दुसऱ्या नोडवर ग्रुप दिसेना. मल्टिपाथला लन दिसतो, एलव्हीएमला नाही. या आवृत्तीत एलव्हीएम आपल्या डिव्हाइस यादीत असलेल्याच डिस्क बघतं आणि ग्रुप पहिल्या नोडवर बनल्याने यादीत भर फक्त तिथेच पडली होती. दुसऱ्या नोडच्या यादीत तो लन घातला, झालं. जुन्या आवृत्तीची सवय असलेल्यांना हे हमखास अडवतं. पुढे कधी लन वाढवला तर यादी दोन्हीकडे तपासायची.

जीएफएस२ (अनेक नोडना एकदम वापरता येणारी फाइलसिस्टिम) का नाही, तेही लिहून ठेवतो. दोन्ही नोडवर एकदम माउंट करायची गरजच नाही, डेटाबेस एकाच ठिकाणी चालतो. जीएफएस२ म्हणजे डीएलएम (नोडमधल्या कुलपांचा व्यवस्थापक), कुलपांची देवाणघेवाण आणि एक नोड अडला की त्याचं फेन्सिंग होईपर्यंत दुसऱ्यानेही थांबणं. शिवाय रेड हॅटने (अल्मालिनक्स त्यांच्याच लिनक्सवर बेतलेलं आहे) आवृत्ती १० पासून तो भाग काढून टाकला आहे. साधी गोष्ट पुरत असेल तर साधीच घ्यावी.

सोमवार, २९ सप्टेंबर

रिसोर्सचा गट: एलव्हीएम, मग फाइलसिस्टिम, मग आयपी, मग पोस्टग्रेस. थांबताना उलट क्रम. सिस्टिमडीकडून (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेकडून) पोस्टग्रेस आपोआप सुरू होणं दोन्ही नोडवर बंद केलं.

फाइलसिस्टिम रिसोर्सची मूळ देखरेख फक्त माउंट आहे का एवढंच बघते. १९ तारखेच्या चाचणीत एक्सएफएस स्वतः बंद झाल्यावरही माउंटच्या यादीत ती दिसतच होती, म्हणजे क्लस्टरच्या लेखी सगळं आलबेल. तपासणीची पातळी २० केली. ती प्रत्यक्ष फाइल लिहून बघते.

आयस्कझी आणि मल्टिपाथ तयार झाल्याशिवाय पेसमेकरने सुरू होऊ नये आणि बंद होताना पेसमेकर आधी थांबावा, यासाठी रिसोर्स-एजंट्सच्या सिस्टिमडी टार्गेटवर अवलंबित्व घातलं. नाहीतर साध्या रीबूटमध्ये डिस्क आधी जाते, सेवा थांबवणं नापास होतं आणि नोड विनाकारण फेन्स होतो.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

काल दसऱ्याला बॉयलर अग्निप्रदीपन झालं. आज काम नाही, फक्त लॉग बघितले. स्वच्छ.

बुधवार, ८ ऑक्टोबर

जुना डेटा आणून काट्याच्या संगणकांसह चाचणी. पहिला नोड वीज तोडून पाडला, दुसऱ्याने मिनिटाभरात डेटाबेस उभा केला, आयपी हलला. एका काट्यावर नवीन पावती लगेच झाली. दुसऱ्यावर ट्रॅक्टर प्लॅटफॉर्मवर उभा आणि पडदा गोठलेला. बराच वेळ थांबूनही हलेना.

क्लस्टरचा यात दोष नव्हता. त्या संगणकाने प्रश्न पाठवला होता, जुन्या नोडने तो मिळाल्याची पोचही दिली होती आणि त्याच क्षणी नोडची वीज गेली. आता संगणकाकडे पाठवायला काही नाही, तो फक्त उत्तराची वाट बघतो आहे. समोरून कनेक्शन तोडल्याचा निरोपही नाही, कारण तोडणाराच उरला नाही. टीसीपी कीपअलाइव्हची (समोरचा जिवंत आहे का ते विचारण्याची) मूळ मुदत दोन तासांची असते. पहिल्या काट्याने नवीन काही पाठवलं म्हणून नव्या नोडने 'हे कनेक्शन माझ्या ओळखीचं नाही' असं कळवलं आणि तो सुटला.

कनेक्शनच्या ओळीत कीपअलाइव्ह १० सेकंदांवर आणलं, फेरप्रयत्नही थोडे ठेवले. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांकडून कनेक्शन तुटल्यावर स्वतःहून पुन्हा जोडण्याची दुरुस्ती करून घेतली. क्लस्टर मिनिटाभरात उठतो हे खरं, पण काट्यावरच्या माणसाच्या दृष्टीने पडदा चालू झाला तेव्हाच सेवा चालू झाली. यापुढे वेळ मी तिथेच उभं राहून मोजणार.

बुधवार, १५ ऑक्टोबर

बॅकअप. डब्ल्यूएएल (डेटाबेसच्या बदलांची नोंदवही) सतत आणि पूर्ण प्रत रोज रात्री, प्रशासकीय इमारतीतल्या वेगळ्या सर्व्हरवर. त्या प्रतीवरून रिकाम्या यंत्रावर डेटाबेस उभा करून दिवसाच्या पावत्यांची संख्या आणि एकूण टनेज जुळवलं. जुळलं. चुकून कुणी टेबल पुसलं तर क्लस्टर काहीच वाचवत नाही, पुसलेलं टेबल दोन्ही नोडवर तितकंच पुसलेलं असतं. हे शेती अधिकाऱ्यांना समजावून सांगितलं.

पोस्टग्रेसची चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणाऱ्या बेरजा) चालू आहेत. एफसिंक (डेटा डिस्कवर पक्का उतरवणं) नापास झालं तर डेटाबेसने पुन्हा प्रयत्न न करता पॅनिक होऊन थांबावं, हे मूळ सेटिंग तसंच ठेवलं. डिस्कने एकदा लिहिण्याला नकार दिला की नंतरच्या होकारावर भरवसा ठेवता येत नाही. थांबून डब्ल्यूएएलवरून उठणं हेच सुरक्षित.

सोमवार, २७ ऑक्टोबर

शेवटची फेरी, सगळी मंडळी हजर, काट्यांवर खोट्या पावत्यांचा मारा चालू. एक पाथ, एक स्टोरेज स्विच, एक कंट्रोलर, कार्यालयाचा लॅन स्विच, क्यूनेटडीची पेटी, नोडची वीज, एकामागून एक काढलं. प्रत्येक वेळी काट्यावरून छापलेल्या पावत्या आणि डेटाबेसमधल्या पावत्या क्रमांकाने ताडून बघितल्या. छापलेली एकही पावती डेटाबेसमधून गायब नाही.

लॅन स्विच काढला तेव्हा काटे अर्थातच थांबले, कारण ते त्याच स्विचवर आहेत. थेट केबलमुळे क्लस्टर जागच्या जागी राहिला, स्विच परत आल्यावर काटे आपोआप जोडले गेले. काट्यांसाठी दुसरा स्विच घ्यावा असं लेखी कळवलं आहे. खर्च फार नाही आणि आता साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा तोच आहे.

रात्रपाळीच्या ऑपरेटरसाठी एक पान मराठीत लिहून सर्व्हर खोलीत लावलं. त्यात सगळ्यात वर, ठळक अक्षरात: नोड 'अनक्लीन' दिसत असेल तर तो बंद असल्याची खात्री प्रत्यक्ष त्याच्यासमोर उभं राहून, दिवे बघून करायची आणि मगच क्लस्टरला तसं कळवायचं. कुणाच्या सांगण्यावरून किंवा फोनवर ऐकून कळवायचं नाही. डेटाचा लन हाताने माउंट करायचा नाही, कोणत्याही कारणाने नाही.

कॅबिनेटच्या फर्मवेअरची नवी आवृत्ती आली आहे. हंगाम संपेपर्यंत हात लावायचा नाही, असं ठरलं. मिल बंद झाल्यावर आधी चाचणी-लनवर आरक्षणाच्या सगळ्या चाचण्या पुन्हा करून मग ती टाकायची.